सांभाळून घेतलेला खांदा

मास्तरांच्या मशीनला मोटर बसवून बरीच वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्या उजव्या पायाला कुणी सांगितलीच नव्हती. जेवायला बसले तरी टेबलाखाली तो पाय पायडल मारत असायचा. पेल्यातलं पाणी थरथरायला लागलं की बायको पेला उचलून आपल्या बाजूला ठेवायची. बँकेत बसवा, दवाखान्यात बसवा, कुणाच्या लग्नात बसवा, माणूस जागेवर आणि पाय प्रवासाला. पायाला भिंगरी लागलेली माणसं निदान कुठंतरी जाऊन पोचतात. मास्तर दिवसभर पळायचे आणि संध्याकाळी त्याच स्टुलावर सापडायचे.

मास्तर म्हणजे शिंपी. चढावरच्या शाळेतली निम्मी पोरं त्यांच्या हातचा गणवेश घालायची, एवढाच त्यांचा शाळेशी संबंध. स्वतःची शाळा अर्ध्यात सोडून ते मामाच्या दुकानात काजं करायला बसले होते. शाळा सोडली म्हणून मास्तर झालेला हा जगातला एकटाच माणूस, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि मास्तर दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

दुकान लांबट आणि अरुंद होतं. पुढं कापायचं टेबल, मधे मशीन, मागं पडद्याआड ट्रायलची जागा आणि तिथं डोक्यापासून पायापर्यंतचा आरसा. आरशाशेजारी बायकोची खुर्ची. काजं, बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे. मागच्या दारातून जिना चढलं की घर.

त्या आरशासमोर उभं राहून कुणी नाराज होऊन गेलं, असं सहसा झालं नव्हतं. त्याचं कारण विचारलं तर मास्तर एकच शब्द सांगायचे, सांभाळून घेणं. सगळी माणसं काही एका मापानं बेतलेली नसतात. कुणाचं पोट पुढं, कुणाचा एक हात लांब, कुणी मानेतच वाकलेला. कापड सरळ बेतलं तर ते हे सगळं चारचौघांत मांडून ठेवतं. चांगला शिंपी ते सांभाळून घेतो. पोटवाल्याचा पुढा किंचित लांब, पोक असलेल्याची पाठ जरा जास्त, आणि उतरता खांदा असेल तर आत बकरमची एक पट्टी. बकरम म्हणजे कॉलरीला ताठ ठेवणारं ते कडक कापड. गिऱ्हाईक आरशात बघतं, खूश होतं, घरी जातं. कुणाला काही बोलावं लागत नाही आणि कुणाचं मन दुखत नाही. आपण काय सांभाळून घेतलंय ते गिऱ्हाइकालाही कळलं नाही, तर ते खरं काम, असं मास्तर मानायचे.

त्यांना एकच मुलगी. ती थेट बापावर गेलेली. लहानपणी रिळांच्या खोक्यांमधून, ताग्यांवरून, गिऱ्हाइकांच्या पायांतून ती अशी फिरत राहायची की तिचं नावच भिंगरी पडलं. आता ती आठवीत होती. नाव तेच राहिलं, फिरणं मात्र कमी झालं होतं. शाळेतून आली की जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहायची, दप्तर उतरवायची, मान इकडून तिकडं वळवायची आणि मग सावकाश वर जायची. पोरगी मोठी झाली, शहाणी झाली, असं सगळे म्हणायचे. मास्तरांनाही ते पटलं होतं, कारण स्वतःला ते कधी जमलं नव्हतं.

भिंगरीचं दप्तर हा दुकानातला दुसरा अभिमानाचा विषय. विकतची दप्तरं वर्षभर टिकत नाहीत. पट्टा उसवतो, चेन जाते, तळ सुटतो, आणि मग आया ती घेऊन मास्तरांकडे येतात. ती फाटकी दप्तरं बघून बघून मास्तरांनी लेकीसाठी स्वतःच एक शिवलं. तंबूचं जाड कापड, तळाला दुहेरी, पट्ट्याच्या टोकाला चौकोनी टीप आणि चौकोनात फुली. इतकं खोल की हात घातला तर कोपर बुडावं. कितीही भर, याला काही होणार नाही, असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं आणि लेकीनं ते मनावर घेतलं होतं. पट्टे दोन होते, पण ती एकच उजव्या खांद्यावर अडकवायची. दोन्ही खांद्यांवर दप्तर घेतात ती बाळं, असं त्यांच्या वर्गाचं मत होतं. आईनं दोन-चारदा टोकलं आणि मग नाद सोडला.

उजवा खांदा उतरलाय हे मास्तरांच्या हाताला सातवीच्या गणवेशाच्या वेळीच कळलं होतं. हाताला कळलं असंच म्हणायला हवं, कारण डोक्यापर्यंत ते गेलंच नाही. टेप खांद्यावरून फिरली, बोट थांबलं, खडूची खूण झाली आणि उजव्या खांद्यात बकरमची पट्टी गेली. आठवीच्या वेळी दोन पट्ट्या घालाव्या लागल्या, पाठ वाढवावी लागली, आणि मान पुढं आलेली म्हणून मागच्या गळ्याला थोडी ढील. शाळेच्या बाकीच्या पोरांचंही असंच होतं. वरच्या वर्गात गेली की त्यांचे पुढे आखूड आणि पाठी लांब कराव्या लागत. पोरं वाढतातच अशी, असं मास्तर धरून चालले होते.

त्या वर्षी शाळेत मुलांची तपासणी झाली. एक डॉक्टरीणबाई आल्या, मैदानावर पोरांना रांगेत उभं केलं, आणि पाठीमागून चालत जाऊन बघत गेल्या. ज्यांचा शर्ट एका बाजूला ओढलेला, कॉलर तिरकी, खालची कड वरखाली, त्यांना बाजूला काढून नीट तपासायला आत पाठवलं. शेकड्यांनी पोरं आणि एक सकाळ, त्यात आणखी काय होणार. भिंगरीला त्यांनी एक नजर टाकून पुढं सोडलं. एवढंच काय, खेळाच्या सरांनी तिला रांगेतून बाहेर बोलावून सगळ्यांना दाखवली. उभं राहावं तर असं, म्हणाले.

ही हकीकत घरी आली तेव्हा मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. त्या दिवशी जे गिऱ्हाईक आलं त्याला ती ऐकावी लागली. बटण लावून घ्यायला आलेल्या पोस्टमनला तर दोनदा ऐकावी लागली. ऐकवून झालं की मास्तर आरशाकडे बघून मान हलवायचे, जणू आरशाचाही त्यात वाटा होता. फक्त भिंगरी खूश दिसत नव्हती. पायरीवर बसून ती मान चोळत होती, आणि आईनं विचारलं तर काही नाही म्हणाली. मास्तरांच्या मनात तेव्हा कुठंतरी पाल चुकचुकली. त्यांनी त्या पालीकडे लक्ष दिलं नाही. दिवाळं निघालेल्या गिरणीच्या मालकासारखे ते अभिमानाच्या गोष्टी आणखी जोरात सांगत राहिले.

मग मावशीचा ड्रेस आला. मावशी म्हणजे भिंगरीच्या आईची धाकटी बहीण. ती दुसऱ्या गावात नोकरीला होती आणि भाचीच्या वाढदिवसाला दरवर्षी तयार कपडा पाठवायची. शिंप्याच्या घरी तयार कपडा पाठवणं म्हणजे मेव्हण्याला चिमटा काढणं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. मास्तर दरवर्षी त्या कपड्यात खोड काढायचे आणि मेव्हणी दरवर्षी फोनवर हसायची.

या वर्षी खोड काढायला कष्टच पडले नाहीत. भिंगरी निळा ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिली आणि ड्रेस उघड उघड वाकडा. उजवा खांदा घसरलेला, गळा एका बाजूला, खालची कड उजवीकडे जमिनीकडे निघालेली. मास्तरांना केवढा आनंद झाला. कारखान्यात शंभर थर एकावर एक ठेवून कापतात, खालचे सरकतात, मग हे असं होतं, असं त्यांनी बायकोला समजावलं. मेव्हणीला फोन करून तर सांगितलं, ड्रेस दुरुस्त करून फोटो पाठवतो, बघ फरक. भिंगरीला वर पाठवलं आणि ड्रेस टेबलावर घेऊन उसवायला बसले.

उसवायचं ब्लेड त्यांच्या हातात असं चालायचं की टाके आपणहून सुटतायत असं वाटावं. खांद्याची शिलाई सुटली, बाह्या सुटल्या, बाजू सुटल्या. पाठ वेगळी झाली, पुढा वेगळा झाला. मास्तरांनी पाठीची मधोमध घडी घातली, हातानं सारखी केली आणि वाकून बघितलं. डावा खांदा बरोबर उजव्या खांद्यावर बसला होता. त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली. पुढ्याची घातली. बाहीच्या मुंढ्याला मुंढा, कडेला कड, दोऱ्याचाही फरक नव्हता. कापड इस्त्री करून पुन्हा बघितलं. मग टेप काढली, आणि टेपनंही तेच सांगितलं.

कारखान्यानं ड्रेस सरळ कापला होता.

आणि मग जे मास्तरांच्या हाताला दोन वर्षं ठाऊक होतं ते सगळं एका दमात डोक्यात शिरलं: सातवीची एक पट्टी, आठवीच्या दोन पट्ट्या, वाढवलेली पाठ, गळ्याची ढील. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. कात्री उचलली, खाली ठेवली. बायकोनं विचारलं, झालं का दुरुस्त, तर हो म्हणाले, आणि तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. दुपारभर त्यांनी ड्रेस होता तसा परत जोडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची टीप वाकडी गेली.

संध्याकाळी त्यांनी भिंगरीला तो ड्रेस घालायला लावला आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरं रीळ आणायला पाठवलं. घरात पांढऱ्या रिळांची रास पडलेली होती. ती निघाली. मास्तर दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिच्या पाठीकडे बघत राहिले.

रस्ता तिथं सपाट होता. पण पोरगी चढ चढत असल्यासारखी चालत होती. मान पुढं, पाठ पुढं, पावलं लहान लहान. उजवा खांदा खाली, आणि तो सांभाळायला कंबर डावीकडे निघालेली. उजवा हात हलतच नव्हता. कोपरात वाकून तो छातीशी तसाच धरलेला होता, पट्टा घसरू नये म्हणून धरतात तसा. पट्टा नव्हता. दप्तर जिन्याखाली पडलेलं होतं. दप्तर नसतानाही पोरगी दप्तर घेऊन चालत होती. मधेच एक सायकलवाला घंटी वाजवत आला, तर नुसती मान वळवायची सोडून ती सगळीच्या सगळी वळली, कपाट वळवतात तशी. खोक्यांवरून उड्या मारणारी हीच ती, हे मास्तरांना स्वतःला सांगावं लागलं.

बायकोला सांगायला त्यांना दुसरा दिवस उजाडावा लागला. तोवर ते वर-खाली करत होते, उगाच मशीनला तेल देत होते, एकाच शर्टाची इस्त्री दोनदा करत होते. शेवटी ती म्हणाली, एका जागी बसा आणि काय ते सांगा. ते बसले, सांगितलं, आणि पुरावा म्हणून भिंगरीच्या गणवेशाचा उजवा खांदा उसवून आतल्या पट्ट्या काढून तिच्या हातात दिल्या. तिनं त्या बोटांनी चाचपल्या. हा शर्ट तिनंच तर बटणं लावून पुरा केला होता.

"तुम्ही तिला सांभाळून घेतलंत," ती म्हणाली. "सांभाळलं नाहीत."

टेबलाखाली मास्तरांचा पाय चालू होता. मग तीच म्हणाली, की ती तरी काय करत होती, रोज वेणी घालताना पोरगी वाकडी उभी राहते म्हणून रागवायची आणि शर्ट चढला की सरळ दिसते म्हणून गप्प बसायची. तिचे डोळे भरून आले होते. ते पुसून ती उठली आणि जिन्याखालचं दप्तर ओढत आणून तिनं टेबलावर रिकामं केलं.

त्यातून काय निघालं नाही ते विचारा. त्या दिवसाची पुस्तकं, उद्याची पुस्तकं, मागच्या वर्षीचा नकाशांचा जाडजूड संच, खेळाचे बूट, पाण्याची बाटली, चित्रकलेची पेटी. त्याखाली आणखी वह्या, आणि त्यांच्यावर दुसऱ्याच मुलींचं अक्षर. भिंगरीला खाली बोलावलं. मग हळूहळू कळलं, की तास कधीही बदलतात आणि पुस्तक नसलं की वर्गाबाहेर उभं राहावं लागतं, म्हणून ती सगळंच नेते. आणि मैत्रिणींची दप्तरं फाटतात, म्हणून त्या त्यांचं थोडं थोडं तिच्या दप्तरात टाकतात.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, याला काही होत नाही," ती म्हणाली. "याला काहीच झालं नाही."

ती टोमणा मारत नव्हती. साधं खरं सांगत होती, आणि म्हणून मास्तरांना ते जास्त लागलं. त्या दप्तराची प्रत्येक टीप त्यांनी दुहेरी घातली होती. एका हातच्या कामानं पोरगी वाकवली आणि दुसऱ्या हातच्या कामानं ती झाकली, आणि दोन्ही कामांसाठी ते स्वतःची पाठ थोपटत बसले होते.

दवाखान्यात जाईपर्यंतचे दिवस मास्तरांनी कसे काढले ते त्यांच्या पायालाच ठाऊक. रोज शाळा सुटायच्या वेळी दुकान बायकोवर टाकून ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे. सुटलेली पोरं उतारावरून खाली जायची आणि मास्तर बघायचे. उतारावरही पोरं पुढं झुकलेली. कुणी दोन्ही हात पाठीमागं नेऊन दप्तर खालून उचलून धरलेलं, कुणी अंगठे पट्ट्यांत अडकवलेले, कुणी नुसतं जमिनीकडे बघत, एकमेकांशी बोलायलासुद्धा मान वर न करता. आणि त्यातले मास्तरांच्या हातचे सगळे गणवेश मागून सुरेख. एक कॉलर तिरकी नाही, एक कड वरखाली नाही. ज्या कामावर मास्तर आजवर जगले ते समोरून रांगेनं चालत जात होतं आणि त्यांना तिथं उभं राहवत नव्हतं.

हाडांचे डॉक्टर म्हणजे एक वयस्कर, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी भिंगरीला दवाखान्याचा ढगळ अंगरखा घालायला दिला, चालायला लावलं, वाकायला लावलं, पाठीवरून बोट फिरवलं, फोटो काढून बघितले. मास्तर आणि बायको भिंतीशी बसलेले. शेवटी बाई म्हणाल्या, हाड वाकलेलं नाही. स्नायू एका बाजूला आखडलेत आणि दुसऱ्या बाजूला ताणलेत, मान पुढं आलीय, आणि चालण्याची खोड लागलीय. सुटेल, पण आपोआप सुटायची नाही. ओझं कमी करायचं, दप्तर दोन्ही खांद्यांवर पाठीला चिकटून घ्यायचं, रोज व्यायाम करायचा, आणि काही महिने धीर धरायचा. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. पडतोय न पडतोय तोच बाईंनी भिंगरीला परत द्यायला तिचा शर्ट उचलला. हा दुसरा, अजून न उसवलेला. खांद्याशी त्यांची बोटं थांबली.

"हे आत कडक काय आहे?" त्यांनी विचारलं.

मास्तर उभे राहिले. शाळेत उत्तर न आलेल्या पोरासारखे त्यांनी हात मागं घेतले आणि सगळं सांगितलं. बाईंनी शर्ट आतून-बाहेरून उलटून बघितला. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं. फार सफाईनं केलंय, म्हणाल्या, मला हाताला लागलं नसतं तर कळलंही नसतं. इतकं कौतुक मास्तरांना एरवी महिनाभर पुरलं असतं. त्या वेळी मात्र कुठं तोंड लपवू असं झालं.

बाईंनी पुढं एवढंच सांगितलं, की हे काढून टाका. शर्ट वाकडा दिसला तर घरच्यांना दिसेल, तिला स्वतःला आरशात दिसेल, आणि सुधारत गेलं तर तेही दिसेल.

मास्तरांनी घरी येऊन त्याच दिवशी नवा शर्ट बेतला. सरळ बेतला, शाळेच्या ठरलेल्या कापानं, कापडाची घडी घालून, दोन्ही खांदे एकावर एक ठेवून. एवढं सोपं काम त्यांना कधी इतकं जड गेलं नव्हतं. उजव्या खांद्याशी खडू आला की हात आपोआप वर सरकायचा आणि त्याला खाली आणावं लागायचं. मग दप्तर शिवलं. हलकं कापड, पट्टे रुंद, आणि खोली बेताची, एका दिवसाच्या पुस्तकांपुरती. बायको शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंना भेटून आली. बाईंनी वर्गातल्या कपाटाचा एक कप्पा मोकळा करून दिला, आणि इतके दिवस कुणी मागितलाच नाही म्हणाल्या.

सगळं जमून आलं आणि घोडं अडलं ते भिंगरीपाशी. सकाळी तिनं नवा शर्ट घातला, आरशात बघितलं आणि काढून खुर्चीवर टाकला.

"मी हा घालणार नाही. मुली हसतील. शिंप्याची मुलगी आणि शर्ट वाकडा." तिचा आवाज चढला होता. "इतके दिवस कुणाला दिसत नव्हतं. आता सगळ्यांना दाखवायचं का?"

बायको काहीतरी बोलणार होती. मास्तरांनी तिला हातानं थांबवलं. ते लेकीशेजारी खाली जिन्याच्या पायरीवर बसले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, कारण आजवर असलं सगळं ते कापडाकडून बोलवून घेत आले होते.

"चूक माझी आहे," ते म्हणाले, "आणि ती तुला अंगावर घालून फिरावी लागणार. मला फार वाईट वाटतं, बाळा. मला माहीत असतं ना... माहीत होतं, तेच तर. हाताला माहीत होतं आणि मी विचारलं नाही."

भिंगरीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती त्यांच्या पायाकडे बघत होती. तो नेहमीसारखाच चालू होता. तिनं आपला हात त्यांच्या गुडघ्यावर दाबून धरला, लहानपणी धरायची तसा, आणि पाय थांबला. मग तिनं विचारलं, उसवलेला जुना शर्ट परत शिवता येणार नाही का. येईल, मास्तर म्हणाले, सांगशील तर आत्ता शिवतो. ते खरंच उठणार होते. ती थोडा वेळ बसून राहिली, मग उठली, आणि खुर्चीवरचा नवा शर्ट घालून वेणी घालायला आईपुढं जाऊन उभी राहिली.

मास्तर तिला पोचवायला गेले. तिनं फाटकापर्यंत यायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून चढाच्या खालीच थांबले. नवं दप्तर तिनं दोन्ही खांद्यांवर घेतलं होतं, पण खांद्याला अजून त्याची खबर नव्हती. उजवीकडे झुकलेली, शर्टाची कड तिरकी, कॉलर एका बाजूला, अशी ती चढत गेली. दोघी-तिघी मुलींनी मागं वळून बघितलं. एक हसली. भिंगरी चालत राहिली. धावत जाऊन मागून कड ओढून सरळ करावी असं मास्तरांच्या हाताला वाटत होतं.

तेवढ्यात दुकानासमोरच्या इमारतीतल्या काकू आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्यांच्या घरचे सगळे गणवेश मास्तरांकडे. त्यांनी वर भिंगरीकडे बघितलं आणि त्यांना हसू आवरेना.

"काय हो मास्तर, आमचे कपडे कसे अंगावर बसतात, आणि घरच्या पोरीचाच शर्ट वाकडा?"

जवळून जाणाऱ्या आणखी एक-दोघी आया थांबल्या. मास्तरांना एक जुनं, सोपं उत्तर येत होतं. घाई झाली हो, संध्याकाळी सांभाळून घेतो, एवढं म्हटलं की झालं होतं. ते त्यांच्या ओठांवर आलंही.

"शर्ट सरळ आहे, ताई," ते म्हणाले.

काकूंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा वर बघितलं, नीट बघितलं, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला खांद्यांना धरून पाठमोरं वळवलं. भरगच्च दप्तराखाली मुलीचा शर्ट अगदी नीट होता. कॉलर जागेवर, कड एका रेषेत. काकूंनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि मास्तरांकडे बघून, आमची ठीक आहे, असं मानेनंच सांगितलं.

मास्तरांनी त्या मुलीकडे बघितलं. डाव्या खांद्यात एक पट्टी, आणि पाठ वाढवलेली. त्यांच्या हाताला बरोबर आठवत होतं.

"संध्याकाळी तिला घेऊन दुकानात या," ते म्हणाले. "हाच शर्ट घालून. तो जरा उसवायचाय."